तलाठ्याच्या तीन प्रती

"मग इथलं पुसू का?" असं धर्माजी आबांनी विचारलं, तेव्हा स्वराज "बिनधास्त" म्हणाला. पुढचं सगळं रामायण त्या एका शब्दातून निघालं हे तो आता कबूल करतो. त्या वेळी मात्र तो शब्द उच्चारताना त्याला आपण मोठे सर्जन असल्यासारखं वाटलं होतं.

तर झालं असं, की आबांचा फोन भरला. डिंगोऱ्यातले आणि आसपासचे मिळून जेवढे म्हणून ग्रुप आहेत त्या सगळ्यांत आबा होते, आणि रोज पहाटे येणारे उगवते सूर्य, गुलाब आणि सुविचार ते जपून ठेवत. माणसानं आठवणीनं पाठवलेलं पुसायचं कसं, असं त्यांचं म्हणणं. या गुलाबांच्या ढिगाखाली एक व्हिडिओ होता. त्यात त्यांचा बैल हौदावर पाणी पीत होता. बैलाचं नाव तलाठी, कारण तो जागेवर कधी सापडायचा नाही. तलाठ्यानं बैलगाडा शर्यतीच्या घाटात मारलेल्या बाऱ्यांचे व्हिडिओ निम्म्या तालुक्याकडे आहेत. पाणी पितानाचा हा एकच, आणि तो फक्त आबांकडे. बैल पाणी पितो यात शूटिंग करण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. शिवाय अर्धी चौकट आबांच्या अंगठ्यानंच भरली होती.

पण त्या अंगठ्यापलीकडून प्रयागबाईंचा आवाज येत होता. प्रयागबाई म्हणजे आबांची बायको. व्हिडिओभर त्या बैलाला झापत होत्या. प्रयागबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या आणि तलाठी या उन्हाळ्यात गेला. आबा मात्र कुणालाही सांगताना "बैलाचा व्हिडिओ" एवढंच म्हणत, आणि रोज सकाळी धारा काढून झाल्या की ओट्यावर बसून तो एकदा ऐकत. फोन कानाला लावून. बैल कानाला लावून कोण बघतं, हे स्वराजनं त्यांना कधी विचारलं नाही. शेजारधर्म म्हणून काही असतो.

"फोन हँग व्हतुया," आबा म्हणाले. "दुकानदार म्हणतो, नवीन घ्या. ह्यातलं त्यात येताना बैल हरवला म्हंजी?"

"पेनड्राइव्हवर टाकून द्या की," स्वराजची बायको अश्विनी भाकरी थापता थापता म्हणाली.

स्वराज हसला. अशा प्रसंगी माणसानं हसू नये हेही त्याला आता कळलं आहे.

स्वराज हिंजवडीच्या एका कंपनीचं काम घरी बसून करायचा. काम काय, ते गावाला सांगणं कठीण होतं, म्हणून तो ऊसतोडीच्या टोळीचा दाखला द्यायचा. कंपनीचे प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या खोक्यांत चालतात. ही खोकी म्हणजे मजूर. कुठला मजूर कुठल्या फडात पाठवायचा, एक आजारी पडला तर त्याच्या जागी दुसरा कसा उभा करायचा, हे बघणारा जो मुकादम, त्याचं नाव कुबरनेटिस. स्वराज त्या मुकादमाला सांभाळायचा. आता या मजुरांची एक खोड असते. मजूर गेला, की त्याच्या गाठोड्यातलं सगळं त्याच्याबरोबर जातं. नवा येतो तो रिकाम्या हातानं. म्हणून जपायचा माल मजुराकडे ठेवायचा नसतो. त्यासाठी वेगळी पक्की कोठी लागते, आणि मुकादमाकडे मागणी केली की तो कोठीतली जागा नावावर करून देतो. कोठी भरवशाची ठेवणं हीच या धंद्यातली खरी डोकेदुखी. स्वराज त्यातला तज्ज्ञ होता. ऑफिसात त्यावर त्याचं भाषण झालं होतं आणि भाषणाला समोसे होते.

अशा माणसाला पेनड्राइव्ह सुचवणं म्हणजे हलवायाला पेढे विकतचे आणा म्हणण्यासारखं.

त्यानं पुण्याहून जेवणाच्या डब्याएवढे तीन जुने कॉम्प्युटर आणले. प्रत्येक फाइलच्या तीन प्रती, तीन गावांत. एक डबा डिंगोऱ्यात त्याच्या घरी, मुकादमही तिथंच बसणार. दुसरा आंबेगाव तालुक्यात, शिनोलीला, साळुबाई आत्याकडे. तिसरा जुन्नरच्या बाजारपेठेत, शाळेतला मित्र जिनेश याच्या वडिलांच्या कापडदुकानात. डिंगोऱ्याची लाइट गेली तर शिनोलीची असेल, शिनोलीची गेली तर जुन्नरची. तिन्ही तालुक्यांची एकदम जात नाही... म्हणजे तालुके दोनच होते, पण स्वराज बोलताना तीन म्हणायचा.

पहिली अडचण वायरची. इंटरनेटची चांगली वायर रस्ता ओलांडून आणायची तर ग्रामपंचायतीची ना-हरकत हवी. कारण काय लिहायचं, असं ग्रामसेवकानं विचारलं. स्वराजनं विचार करून "साठवण" लिहिलं. विषय ग्रामसभेत आला.

"किती क्विंटलची?" सावळेराम पाटलांनी विचारलं.

"दोन टेराबाइट."

"ते आमाला नका सांगू. क्विंटलमधी बोला."

"त्याला वजन नसतं, काका."

"वजन नाय, मग साठवता काय?"

"बैल," मागच्या बाकावरून आबा म्हणाले. सभेनं ग्रामसेवकाकडे बघितलं. मग वास येणार नसेल तर हरकत नाही, असा ठराव झाला आणि वायर आली.

दुसरी अडचण आत्याची. डबा ठेवून स्वराज घरी पोचला नाही तोच तिचा फोन.

"अरं, तुझं ते कॉम्प्युटर लई तापतंय. मी हलवलं."

"कुठं?"

"बराखीत."

बराख म्हणजे कांदा साठवायची लांबोडकी खोली. चारी बाजूंनी जाळी, वाऱ्याला मोकळी वाट.

"आत्या, ती कांद्याची जागा आहे."

"मंग? कांदा सहा-सहा महिनं टिकतो तिथं. तुझं काय कांद्यापेक्षा नाजूक हाय व्हय?"

स्वराज वाद घालणार होता, पण तेवढ्यात त्यानं तापमान बघितलं. ते झपाट्यानं उतरलं होतं. त्यानं त्याचा आलेख काढून ऑफिसातल्या मित्रांना पाठवला आणि खाली लिहिलं, "नैसर्गिक कूलिंग." कौतुकाचे अंगठे आले. ते बघून त्यानं बराखीला मान्यता दिली.

तिसरी अडचण रमणलाल शेठ, म्हणजे जिनेशचे वडील. शेठ रोज संध्याकाळी दुकान वाढवताना मेन स्विच खाली ओढत, उंबऱ्याला हात लावत, तो हात कपाळाला लावत आणि मग शटर. त्यांच्या वडिलांपासूनची रीत. त्यामुळे जुन्नरचा डबा रोज संध्याकाळी मरायचा आणि रोज सकाळी जिवंत होऊन डिंगोऱ्याच्या डब्याला विचारायचा, की माझ्या माघारी काय काय झालं. मग सगळं पुन्हा जुळवून घ्यायचा. दुपारच्या चहापर्यंत तो ताळ्यावर येई, आणि संध्याकाळी पुन्हा मरे.

"पप्पांना एवढा एक स्विच चालू ठेवायला सांग ना," स्वराज जिनेशला म्हणायचा.

"सांगितलं. ते म्हणाले, कापडाचं दुकान आहे, वायर जळताना कुणाला विचारून जळत नाही."

स्वराजनं तीन प्रतींऐवजी "दिवसा तीन, रात्री दोन" असं धोरण जाहीर केलं. धोरण म्हटलं की उणीव शोभून दिसते.

यंत्रणा उभी राहिली की ती मुद्दाम बिघडवून बघायची असते. स्वराजला तपासणीसाठी एक फाइल हवी होती. त्यानं आबांचा व्हिडिओ घेतला. एक डबा बंद करायचा, व्हिडिओ लावायचा. चालला. दुसरा बंद करायचा, लावायचा. चालला. पावसाळाभर तो हेच करत होता. प्रयागबाई भिंतीपलीकडून बैलाला झापत, आणि अश्विनी स्वयंपाकघरातून म्हणे, "काकींना जरा बसू द्या आता."

शेवटी एका सकाळी त्यानं आबांच्या फोनवर ॲप टाकलं, बोट लावलं की व्हिडिओ सुरू. आबांनी कानाला लावून ऐकला. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, आणि स्वराजनं ते उत्तर दिलं. फोनमधला व्हिडिओ पुसला गेला. त्या जागी लगेच दोन सूर्य उगवले.

आता एक गोष्ट सांगायला हवी, ती सांगताना स्वराजला अजूनही खाली बघावं लागतं. कोठीतली जागा नावावर करून दिली, की मुकादमाला आणखी एक सांगून ठेवायचं असतं. उद्या ही मागणीच कुणी रद्द केली तर आतल्या मालाचं काय करायचं? दोन पर्याय असतात. ठेवायचा किंवा पुसायचा. तुम्ही काहीच बोलला नाहीत, तर मुकादम बहुतेक ठिकाणी पुसतो. स्वराजच्या ऑफिसातल्या भाषणात यावर एक अख्खं पान होतं, लाल चौकटीतलं. घरच्या यंत्रणेत ते बदलायचं त्याच्या मनात होतं. पण त्या दिवशी तो यंत्रणेला नाव काय द्यावं यात गुंतला होता. शिवाय कुठल्याही डब्यात बेवारस माल आढळला तर तो आपोआप साफ व्हावा, अशीही एक सोय त्यानं हौसेनं करून ठेवली होती. घर कसं स्वच्छ असावं.

नाव त्यानं "अक्षय" ठेवलं.

श्रावण सरत आला आणि रमणलाल शेठांनी पर्युषणाची अठ्ठाई धरली. म्हणजे आठ दिवस निव्वळ पाण्यावर उपास. दुकान बंद, मेन स्विच खाली. स्वराजला जिनेशनं आधी सांगितलं होतं. स्वराज म्हणाला, "काही हरकत नाही, दोन प्रती आहेत."

गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आबा फोन घेऊन आले. "बैल उघडंना."

स्वराजनं लॅपटॉप उघडला. शिनोलीचा डबा प्रतिसाद देत नव्हता. लाइट गेली असेल. आबांचा व्हिडिओ दाखवणारा मजूर नेमका शिनोलीच्या फडात, म्हणजे त्याच डब्यात होता, म्हणून मुकादमानं डिंगोऱ्यात नवा मजूर उभा केला. इथपर्यंत सगळं पुस्तकातल्यासारखं. पण नव्या मजुराला मुकादम कोठीची किल्ली देईना. किल्ली शिनोलीवाल्याच्या नावावर आहे, तो परत करेपर्यंत दुसऱ्याला मिळणार नाही. शिनोलीवाला तर जगात होता की नाही तेच कळत नव्हतं. थांबलं असतं, तर सुटलं असतं. किल्ली सोडवून घ्यायची रीतही असते, फक्त तिला सबुरी लागते.

आबा शेजारी येऊन बसले. अश्विनीनं चहा आणला. आबांनी बशीत चहा ओतला, पण प्यायले नाहीत. पडद्याकडे बघत राहिले.

"झालं का?"

"होतंय."

"पेनड्राइव्हवर नाय का येणार ह्ये?" आबांनी अगदी साधेपणानं विचारलं.

एवढं पुरेसं होतं. स्वराजचे कान तापले. अडकलेली मागणी रद्द करून नवी टाकू, माल कोठीतच आहे, जातोय कुठं, असं म्हणून त्यानं एक ओळ लिहिली आणि एंटर दाबलं.

मागणी रद्द झाली. तिच्यामागून, एखाद्या आज्ञाधारक माणसासारखी, कोठीही गेली.

स्वराजला लाल चौकट आठवली. समोसेही आठवले.

"काय झालं?" आबा म्हणाले.

"इथली प्रत गेली. पण अजून दोन आहेत," स्वराज म्हणाला. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच ग्राहक सेवेसारखा वाटला. जे डबे बंद आहेत त्यांना पुसायचा हुकूम पोचलेला नाही, म्हणजे त्यांच्यात बैल शाबूत आहे. त्यानं शिनोलीला फोन लावला.

"आत्या, डब्याला हात लावू नको. लाइट आली तरी चालू करू नको."

"कंचा डबा?"

"बराखीतला."

"अरं, काल कांदा दिला ना सगळा. भाव निघाला. माणसं आली, गोण्या भरल्या, बराख झाडून दिली. लई चोख माणसं."

"आणि डबा?"

"आता तू म्हनतोस तवा ध्यानात येतंय. वायर लोंबकाळतीय नुसती."

स्वराजनं व्यापाऱ्याचा नंबर मागून घेतला. व्यापारी म्हणाला, तो माल चेन्नईच्या गाडीत भरला, गाडी निघून गेली, आणि गोणीत कांद्याशिवाय काही निघालं तर तिकडचे लोक वजनात कापून घेतात, ते कोण भरणार? स्वराजनं माफी मागून फोन ठेवला. म्हणजे प्रयागबाई या क्षणी कर्नाटकात कुठंतरी होत्या. आयुष्यात त्या नारायणगावच्या पलीकडे फारशा गेल्या नव्हत्या.

"मग जुन्नर," आबा म्हणाले. त्यांना आता हिशेब समजला होता. "शेटचं दुकान बंदच हाय ना?"

आणि तेव्हा स्वराजच्या लक्षात आलं, की आज पारणं आहे. उपास कालच संपला. दुकान आज उघडणार. शेठ मेन स्विच वर करणार. डबा जागा होणार आणि सवयीनं विचारणार, माझ्या माघारी काय झालं? डिंगोऱ्याचा मुकादम सांगणार, की या नावाची कोठी आता आपल्या दप्तरी नाही. मग डबा आपल्या पोटात बघणार, तिथं बेवारस बैल सापडणार, आणि तो सफाईला लागणार. स्वराजनं सफाईची ती सोय घाईघाईनं बंद करायला घेतली, तेवढ्यात डिंगोऱ्याची लाइट गेली आणि मुकादम ज्या स्थितीत होता त्या स्थितीत झोपला. हाच मोठा आधार वाटून, लाइट यायच्या आत जुन्नर गाठू म्हणून, त्यानं मोटरसायकलला किक मारली. आबा मागे बसले. त्यांना कुणी या म्हटलं नव्हतं.

वाटेत त्यानं जिनेशला चार वेळा फोन लावला. तो मंदिरात असावा. गणेशखिंडीत पुढं एक ट्रॅक्टर, त्याच्या ट्रॉलीत एका मंडळाचा स्पीकर, आणि ट्रॅक्टर कुणालाही पुढं जाऊ द्यायला तयार नव्हता. मागून आबा अधूनमधून बोलत.

"लाइट आली आसंल का रं?"

"नसेल."

"आपल्याकडं गेली का दुपारपत्तुर येत नाय." थोड्या वेळानं, "कवा नव्हं ते बरं वाटतंय ह्याचं."

खिंड उतरताना जिनेशचा फोन आला. स्वराज गाडी बाजूला घेऊन ओरडला, "पप्पांना स्विच लावू नको म्हणावं."

"अरे, पप्पा केव्हाच गेले दुकानात," जिनेश म्हणाला. "पारणं करून थेट तिकडेच. त्यांच्याकडे फोन नाही. काय झालं?"

बाजारपेठेत दुकानाचं शटर अर्धं वर होतं. रमणलाल शेठ आत गादीवर बसले होते. आठ दिवसांत गालफडं बसली होती, पण चेहरा उजळला होता. स्वराजला बघून ते धडपडत उठले आणि त्यांनी हात जोडले.

"मिच्छामि दुक्कडम्, स्वराज. वर्षभरात जाणता-अजाणता दुखावलं असेल तर क्षमा कर." मग आबांकडे वळून, "तुम्हालाही."

"शेठ, तो डबा..."

"तेच सांगतो. उपासात माणसाला सगळं आठवतं. रोज संध्याकाळी मी तुझं यंत्र बंद करत होतो. जिनेश सांगायचा, तरी ऐकलं नाही. मनाला फार लागलं रे. म्हणून आज दुकान झाडायच्या आधी, दिवा लावायच्या आधी, पहिलं तुझं यंत्र चालू केलं. सूर्य वर आल्या आल्या. आता ते मी कधी बंद करणार नाही. त्याची वेगळी वायर काढून घेतो."

कापडाच्या तागांमध्ये डबा बसला होता. हिरवा दिवा लुकलुकत होता, तब्येत ठणठणीत असल्यासारखा. स्वराजनं लॅपटॉप जोडला. डबा सकाळीच उठला होता. पण त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, कारण तेव्हा मागणी रद्द झालीच नव्हती. डबा प्रामाणिकपणे जुळवाजुळव करत होता. मग चहाच्या सुमारास स्वराजची ती ओळ आली. पुसायचा हुकूम आला तेव्हा जुन्नरचा डबा पर्युषणानंतर पहिल्यांदा हजर होता. बेवारस म्हणून शोधायची गरजही पडली नव्हती. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, की काम यशस्वी झालं.

म्हणजे घरी बसून पडद्याकडे एकदा नीट बघितलं असतं, तरी जुन्नर जागं आहे हे दिसलं असतं. त्यानं बघितलं नव्हतं. त्याला आबांना पेनड्राइव्हचं उत्तर द्यायचं होतं.

"बरोबर चाललंय ना?" शेठांनी विचारलं. त्यांचे हात अजून जोडलेलेच होते.

स्वराजनं आबांकडे बघितलं. आबांनी हळूच नको म्हणून मान हलवली.

"बरोबर चाललंय, शेठ," स्वराज म्हणाला. "तुमचं काही चुकलं नाही."

परतताना खिंडीत ट्रॅक्टर नव्हता. मागून आबा काहीतरी टाकून बोलतील तर बरं, असं स्वराजला वाटत होतं. डिंगोऱ्याच्या फाट्यावर ते एवढंच म्हणाले, "शेटला सांगितलं नाय ते बरं केलंस. उपास वाया गेला आसता."

नंतर स्वराजनं डिस्कवरून पुसलेलं परत मिळवणाऱ्या माणसांना गाठलं, पण पुसलेल्या जागेवर नवं लिहिलं गेलं होतं. चेन्नईच्या गाडीतल्या डब्याचा काही पत्ता लागला नाही. आबांना त्यानं नवा फोन घेऊन दिला. आबांनी तो घेतला, आणि त्यात ग्रुप तेवढे घेतले.

भादव्याच्या अमावस्येला इकडचा भादवी पोळा आला. गावभर शिंगं रंगली. आबांच्या दावणीला या वर्षी बैल नव्हता, तरी त्यांनी हौद घासून धुतला, भरला, आणि स्वराजला बोलावणं पाठवलं. अश्विनी पुरणाची वाटी घेऊन बरोबर आली. आबा हौदाच्या कठड्यावर बसले होते.

"तू ते पावसाळाभर लावत व्हतास," आबा म्हणाले. "तुला पाठ आसंल."

आबांना काय हवंय ते स्वराजला कळलं, आणि पळून जावंसं वाटलं.

"म्हण."

"आबा, मला ते..."

"म्हण तर."

स्वराजनं पाण्याकडे बघितलं. "तलाठ्या, दमानं पी," तो म्हणाला.

"एवढं हळू नाय. ती काय देवळात व्हती का?"

"तलाठ्या, दमानं पी. एसटी चुकतीय का तुझी? डोळं कुणावर वटारतो, हौद काय तुझ्या बापानं बांधला?"

"आता बरं हाय. पुढं."

"आन तुमी काय त्यो फोन धरून उभं ऱ्हायलाय? म्हशीला वैरण फोन टाकनार का?" स्वराज थांबला. यानंतर एक वाक्य होतं. इथवरचं त्यानं शंभरदा ऐकलं होतं, पण दर वेळी इथवर आलं की तो व्हिडिओ चाललाय एवढं बघून बंद करायचा.

"पुढचं नाही आठवत, आबा."

आबांनी मान हलवली. त्यांनाही सांगता येत नव्हतं. ते नेहमी शेवटाला नुसता आवाज ऐकत, शब्द नव्हे.

"त्याच्या आधी ती खोकली व्हती," आबा म्हणाले. "तेवढं ऱ्हायलं."

स्वराज खोकला.

"तसा नाय," आबा म्हणाले. "पदर तोंडावर धरून. परत खोक."